सातवा दगड

एका राज्यात अन्नछत्राच्या अंगणात सहा दगड उभे होते. ते साधे दगड नव्हते. आधीचे सहा छत्राधिकारी होते! एका जादूगाराचा शापच तसा होता. वर्षाच्या शेवटच्या दिवशी सूर्य मावळताना पंगतीत एक जरी बेकार उरला, तरी अधिकाऱ्याचा दगड व्हायचा.

त्या सहांनी दिसेल त्याला दिसेल त्या कामाला जुंपलं. शिंप्याला लोहाराकडे, सुईणीला हत्तीखान्यात! तिसऱ्या दिवशी सगळे परत पंगतीत. सातवी अधिकारी हंसावती मात्र प्रत्येकापुढे बसून विचारायची, "तुम्हाला काय येतं?"

शेवटचा दिवस उजाडला. छपरावरची साळुंकी ओरडली, "तीन उरले, हंसावती, तीन!"

पहिला लंगडा मल्ल. म्हणाला, "मला जमिनीखालचं पाणी ऐकू येतं." विहीर खोदणाऱ्यांनी त्याला पालखीतून नेलं.

दुसरी कडेवर पोर असलेली बाई. "मी गायले की वाघ झोपतात." तिला पोरासकट जंगलाच्या खिंडीत नेमलं. व्यापारी खूश, वाघही खूश.

तिसरी येसाआजी. "सत्तर वर्षं दळण दळलं, बाई. आता घास उचलायलाही हात उठत नाही."

सूर्य टेकला. हंसावतीची पावलं गार पडली, दगड झाली.

तेवढ्यात राजा धावत आला. "अगं, म्हातारीच्या हातात सूप दे! धान्य पाखडते म्हणून नाव लाव आणि मोकळी हो!"

दगड गुडघ्यापर्यंत चढला. तरी हंसावती बोलली.

"नाही, महाराज. आजींचं काम करून झालंय. त्यांना नुसतं जेवू घाला."

त्या अंगणात राजाला 'नाही' म्हणणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. राजाची मान खाली गेली. त्याने स्वतः पळी उचलली आणि आजींच्या पानात वाढलं.

काड्! हंसावतीचे पाय सुटले! सहाही दगड तडकले आणि आतून सहा अधिकारी शिंकत बाहेर पडले. कितीतरी वर्षांचे उपाशी. थेट पंगतीतच बसले.

साळुंकी किंचाळली, "सहा उरले, हंसावती, सहा!"

हंसावती खळखळून हसली आणि पहिल्यापुढे जाऊन बसली. "काका, तुम्हाला काय येतं?"

काकांनी बराच विचार केला. "उभं राहता येतं."

दुसऱ्या दिवसापासून वेशीवर असा पहारा बसला, की चोरांनी ते राज्यच सोडलं. त्यांची पंगत भरली, तशी तुमचीआमची भरो.