स्फटिकाची सोबत

५ डिसेंबर. सकाळी धुके, दुपारी कोरडे ऊन. त्या काळी वस्तू बोलत आणि माणसे ऐकत. वसंतराव पेंडुरकरांनी घरी जोडलेला जुन्या धर्तीचा संगणक मुका होता. विजेचा दोष कालच दूर झाला होता. आता पुरे पाच व्होल्ट येत होते. तरी ठोके देणारा स्फटिक गप्प होता आणि ठोक्यांवाचून प्रोसेसर हलत नव्हता.

तपासयंत्राचा प्रोब, म्हणजे त्याची टोकदार सुई, स्फटिकाला टेकवला की ठोके सुरू होत, उचलला की बंद.

“पाहुणे आले की नाचतोस. घरच्यांपुढे पाय मोडतात का रे?” प्रोसेसर म्हणाला.

“एकट्याला जमत नाही, दादा,” स्फटिक हळूच म्हणाला. “प्रोबकाका टेकतात तेवढाच वेळ कुणीतरी असतं.”

“सोंगं सगळी.”

स्फटिक काढून भंगारात टाकायला वसंतरावांनी सोल्डरिंगची सळई तापवली.

“थांबा,” प्रोब म्हणाला. “तो खोटं बोलत नाही. माझा जरासा भार त्याला पुरतो. पण मी कायम कसा राहू?”

वसंतरावांनी स्फटिकाशेजारी प्रोबइतकाच भार कायम देणारा, तांदळाच्या दाण्याएवढा कपॅसिटर जोडला आणि प्रोब उचलला.

ठोके चालूच राहिले, सेकंदाला चाळीस लाख. वसंतरावांनी स्वतः बंद करेपर्यंत संगणक सहा तास दहा मिनिटे चालला.