आल्याचा चहा

फार वर्षांपूर्वी, जनावरंसुद्धा चहाला हॉटेलात जात तेव्हा, चिंचेखाली अस्वलमावशीचं हॉटेल होतं. आत लांडगा विड्या फुंकत बसे. म्हातारी खारआजी मात्र बाहेरच्या दगडावर बसून चहा पिई. आजीला मोकळी हवा आवडते, असं समजून मावशीने त्या दगडावर गोणपाटही अंथरलं होतं.

एका सकाळी कडाक्याची थंडी पडली. "आजी, आज तरी आत या की!" मावशी म्हणाली.

"धुरात जीव घुसमटतो गं. नाहीतर तुझी चूल कुणाला नकोय?"

मावशी वरमली. तडक आत जाऊन म्हणाली, "लांडगेदादा, विडी ओढ्यापलीकडे ओढायची. इथे नाही."

"मग मीही येणार नाही!" लांडगा तरातरा निघून गेला. रोजचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून मावशी धास्तावली. पण खारआजी चुलीपाशी टेकली, गारठलेले हात शेकत म्हणाली, "सुखी राहा, पोरी." मावशीचे डोळे भरून आले. "तुम्ही बोललात, हेच उपकार, आजी."

आठवड्याने लांडगा ओढ्यावरच विडी विझवून आला. कप नाकाशी नेताच थबकला. "मावशी, आज चहात आलं घातलंस?"

"रोजच घालते, दादा."