बोटभर फट

हत्यारं आपसांत बोलत त्या काळी येसाजी सुताराचा नवा कारखाना बांधून होत आला होता. ओळंबा गवंड्याच्या थापीला म्हणाला, “ताई, ही भिंत बोटभर आत झुकलीय. छप्पर पेलायची नाही. उतरवायला हवी.”

थापीलाही ते कळत होतं. पण खंडेनवमीची पूजा तोंडावर आली होती. “गुळगुळीत गिलावा करते, कुणाला दिसणार नाही. तू गप्प राहा.”

ओळंबा गप्प राहिला.

गिलावा झाला, वर छप्पर चढलं. पूजेला सगळी हत्यारं नव्या कारखान्यात पाटावर मांडली. ओळंब्याला जागा उरली नाही, म्हणून येसाजीने तो त्याच भिंतीवर उंच खिळ्याला टांगला. दोरी सरळ खाली आली. तळाशी भिंत बोटभर मागे राहिली.

येसाजीने आरतीचं तबक खाली ठेवलं आणि आधी बायकापोरांना बाहेर काढलं.

थापीने झेंडूआडून वर पाहिलं. ओळंबा अजूनही गप्पच होता.