पोचणावळ

लखू भोयानं नव्या बैलगाडीची किंमत चुकती केली, तेव्हा कारभारी नारोपंतांनी त्याला सांगितलं की आता पोचणावळ राहिली. ती किती, हे ऐकून लखू गाडीच्या जुवाला धरून खालीच बसला. तेवढ्या पैशात जवळजवळ दुसरी गाडी आली असती.

हिवरगडच्या राज्यात नवी गाडी मिळायची ती एकट्या राजाच्या गाडीखान्यात. पूर्वी लोक बैल घेऊन यायचे, जुंपून न्यायचे. पण एकदा एका नव्या गाडीचं चाक भर चौकात निखळलं आणि राजाची पालखी दुपारभर उन्हात अडकली. उदाजीराजांनी तिथंच हुकूम सोडला. नवी गाडी सरकारी गाडीवान खरेदीदाराच्या दारात पोचवील. जितकं अंतर, तितकी पोचणावळ. ज्याला स्वतः न्यायची हौस असेल त्यानं खुशाल न्यावी, पैसा पडणार नाही; फक्त दारात पोचेपर्यंत चाक सरकारी रस्त्याला लागता कामा नये.

गाडीखान्यातून बाहेर पडायला सरकारी रस्त्याशिवाय वाट नव्हती. लोकांनी विनवण्या करून पाहिल्या. राजा म्हणे, शब्द म्हणजे शब्द. सगळे मुकाट पोचणावळ भरत होते.

लखूचं गाव पार राज्याच्या टोकाला, नदीकाठी. नदीच्या वाळूत त्याची कलिंगडं पिकून पडली होती. गाडी आली नाही तर चार दिवसांत ती जागेवरच फुटणार होती. बरोबर त्याची लेक ठकू होती. तिनं बापाला उठवलं नाही. ती नारोपंतांना विचारत बसली. गाडी घरी पोचवता की शेतावर? की गावच्या वेशीपर्यंतच?

नारोपंत वैतागले. म्हणाले, "दारात. राजेसाहेबांचा शब्द आहे, दारात. त्यात काडीचा फरक होणार नाही."

"मग ठीक आहे," ठकू म्हणाली आणि बापाला घेऊन घरी गेली.

घरी पोचल्यावर तिनं खोपटाचं दार चौकटीतून उतरवलं. बाभळीचं जुनं, जड दार. ठकूच्या आईला लेकीचा स्वभाव माहीत होता. तिनं एवढंच विचारलं की परत कधी येणार, आणि उघड्या चौकटीत कुत्र्यांना हाकलायला काठी घेऊन बसली. बापलेकीनं दार डोक्यावर घेतलं, बैल पुढं घातले आणि हिवरगडची वाट धरली. वाटेत लोक विचारायचे, दार कुठं चाललं? ठकू सांगायची, गाडी आणायला. एकानं खिडकीही न्या म्हणून सुचवलं. घराला खिडकी नाही, असं तिनं त्याला सांगितलं.

गाडीखान्यात येऊन तिनं दार लखूच्या नव्या गाडीसमोर कुंपणाला टेकवून उभं केलं.

नारोपंत धावत आले. "हे काय आहे?"

"दार," ठकू म्हणाली. "आमचं. गाडी दारात पोचवा आणि पोचणावळ सांगा."

नारोपंतांनी मनातल्या मनात अंतर मोजलं, ते चार पावलं भरलं. ही फसवणूक आहे म्हणावं, तर राजाच्या शब्दात काडीचा फरक करायचा नाही असं तेच म्हणाले होते. ते वाड्यावर गेले आणि राजालाच घेऊन आले.

उदाजीराजे दाराभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी कडी वाजवून पाहिली. मग म्हणाले, "पोरी, घराशिवाय दार म्हणजे नुसती फळी. घर कुठं आहे?"

"घर गावी आहे, महाराज. आई राखत बसलीय. पण तुमचा गाडीवान तिकडं गेला असता, तर त्याला दार कुठं सापडलं असतं? सगळ्या गावात आमचं दार नाही. हुकूम मोडला असता."

लखूनं डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, गाडी गेली, किंमत गेली आणि आता लेकही जाते. राजानं पुन्हा एकदा दाराची कडी वाजवली. मग त्यानं गाडीवानाला खूण केली. गाडीवानानं गाडी हातानंच चार पावलं ओढली आणि बाभळीच्या दाराला टेकवली.

"पोचली," राजा म्हणाला. "पोचणावळ माफ. आता गावी कशी नेशील? दुसरी अट विसरलीस. चाक रस्त्याला लागता कामा नये."

नारोपंतांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. ठकूनं मात्र बैलांना पुढं घेतलं आणि त्यातला एक बैल जुवाखाली उभा केला.

"ती अट दारात पोचेपर्यंतची होती, महाराज. ही गाडी तर आमच्या दारातच उभी आहे. आता आम्ही दारातून निघालोय, कलिंगडं भरायला. रयतेच्या गाड्या दारातून निघाल्या, की सरकारी रस्त्यावरूनच जातात. नाहीतर तो रस्ता केलाय कशासाठी?"

राजानं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा रस्त्याकडं. मग तो असा हसायला लागला की गाडीखान्यातले सुतार रंधे थांबवून बघत राहिले. हसता हसता तो नव्या गाडीच्या साटीवर टेकला आणि चाक निखळतं की काय म्हणून लगेच उठलाही. चाक जागचं हललं नाही.

त्यानं लखूला गाडीची किंमत परत करायला सांगितलं. पोचणावळीचा हुकूम तिथल्या तिथं रद्द झाला. ज्याला गाडी स्वतः न्यायची त्यानं बैल जुंपून न्यावी, ज्याला पोचवून हवी त्यानंच पैसे द्यावेत.

"आणि नारोपंत," राजा डोळे पुसत म्हणाला, "यापुढं नवा हुकूम काढला, की दवंडी पिटायच्या आधी तो या पोरीला ऐकवून यायचा. तुम्ही स्वतः जायचं. जाण्यायेण्याचा खर्च सरकारातून मिळेल."