फळीमागची रेघ

सांगा पाहू, भरवसा ठेवावा तर कुणावर? हवं ते हातात ठेवतो त्याच्यावर, की हातातलं काढून घेतो त्याच्यावर?

चाळीस वर्षं भिंगारच्या बाजारात दोर आणि ताडपत्री विकतोय. गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखतो. पण हे काही मला दुकानात उमगलं नाही. उमगलं छावणीच्या हॉकी मैदानावर, तेही गोलची फाटलेली जाळी बांधायला गेलो म्हणून.

मी गाठ मारत होतो आणि पलीकडून आवाज आला.

"पण माझं चुकलं काय, मास्तर?"

विचारणारी कस्तुरी भिंगारदिवे. वय सोळा, सेंटर फॉरवर्ड. वाऱ्यासारखी पळायची आणि ते तिला माहीतही होतं.

सायमन मास्तर पायरीवर बसून एका स्टिकला पट्टी गुंडाळत होते. लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस. पोरींना शिकवायचे आणि मोजकंच बोलायचे. माझ्या अगदी उलट.

"चुकलं काही नाही."

"मग मला मागे का घातलंत? फुलबॅक! दहा दिवसांवर राज्याच्या ज्युनियर संघाची निवड आलीय. उद्या फॉर्म जायचाय. आणि आज तुम्ही माझी जागा बदलता?"

मास्तरांनी पट्टीचा आणखी एक वेढा दिला.

"गोल किती झाले तुझे?"

"एक्केचाळीस. दिवाळीपासून."

"कुणी मोजले?"

"फळीने!"

त्या मैदानाची एक रीत होती. गोलच्या तळाशी लाकडी फळी असते ना, चेंडू आपटला की ठाक्‌ वाजते ती? सराव संपला की जिने गोल केला तिने फळीच्या मागच्या बाजूला जायचं आणि आपल्या नावाखाली खडूने रेघ ओढायची. कस्तुरीच्या नावाखाली रेघांचं कुंपण झालं होतं.

"निवडणारे गोल बघतात, मास्तर. अडवलेला चेंडू कोण बघतं?"

"कोणी नाही."

"मग?"

...

"समोरची पोरगी कुठे मारणार, ते तुला तिच्या आधी दिसतं," मास्तर म्हणाले. "तीन वर्षं बघतोय मी."

"मला दुसऱ्या क्लबाने बोलावलंय. सेंटर फॉरवर्ड म्हणूनच घेतो म्हणालेत." तिने फाटकाकडे बोट केलं. "जाऊ मी?"

"मग आज सकाळी तिकडे का गेली नाहीस?"

ती स्टिकच्या टोकाने माती उकरू लागली. मी गाठ मारायची थांबलो होतो, हे नंतर लक्षात आलं.

"आज मागे खेळ," मास्तर उठले. "मग बोलू."

आपसातलाच सामना. समोरच्या बाजूला हेमा लोंढे, जिभेने आणि स्टिकने सारखीच तिखट. कस्तुरीला मागे उभी बघून ओरडली, "काय गं, गुडघे दुखायला लागले का? खुर्ची आणू?"

पुढच्याच मिनिटाला हेमा डावीकडून गोलसमोरच्या डीमध्ये शिरली, उजवीकडे वळणार तोच कस्तुरीची स्टिक तिथे आडवी. मारायच्या आधीच चेंडू गेला. दुसऱ्यांदाही तेच. हेमा चिडली. "ही माझ्या डोक्यात बसलीय काय!"

मी मास्तरांकडे पाहिलं. ते चप्पल झटकत होते.

सामना संपत आला तेव्हा बरोबरी होती, शून्य-शून्य. कस्तुरीने चेंडू अडवला आणि या वेळी कुणाला दिलाच नाही. स्वतःच निघाली. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, डीमध्ये शिरली आणि... ठाक्‌!

काय गोल होता! मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, तरी मी टाळ्या पिटल्या. पोरींनी तिला घेरलं. हसत, धापा टाकत ती मधल्या रेषेवर येऊन उभी राहिली. तीन वर्षं गोल झाला की ती तिथेच उभी राहायची. पाय आपोआप तिथे गेले.

शिट्टी झाली. हेमाने चेंडू घेतला, कस्तुरीच्या शेजारून सरळ पुढे काढला. मागे फुलबॅकची जागा मोकळी. पुढे कस्तुरीच्याच बाजूची एकटी गोलकीपर गौसिया, तेरा वर्षांची, पॅडच्या ओझ्याने वाकलेली.

ठाक्‌.

"गौसे, डोळे मिटून उभी होतीस काय?"

"अगं, पाय तरी टाकायचास!"

"जिंकलेली मॅच घालवली हिने!"

गौसियाने हेल्मेट काढलंच नाही. आतून नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत होता.

खेळ संपला. मास्तरांनी खिशातून खडूचा तुकडा काढून कस्तुरीच्या हातावर ठेवला. ती फळीमागे गेली, बेचाळिसावी रेघ ओढली. खडू परत द्यायला हात पुढे केला.

मास्तरांनी घेतला नाही.

"तो दुसरा चेंडू कुणाच्या नावावर?"

पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. खाल्लेला गोल फळीवर लिहायची रीतच नव्हती.

"गौसियाच्या," हेमा म्हणाली. "आणखी कुणाच्या?"

मास्तरांनी हात खिशात घातले.

...

कस्तुरी खडूकडे बघत होती. मग मधल्या रेषेकडे तिने एकदा पाहिलं. मग गौसियाकडे.

सांगतो तुम्हाला, भाव पाडून मागणारे, माल परत आणणारे खूप पाहिलेत मी. चूक कबूल करायच्या आधी माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला ठाऊक आहे. बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात.

ती फळीमागे गेली. आपल्या नावाखालच्या बेचाळीस उभ्या रेघांच्या तळाशी तिने एक आडवी रेघ ओढली.

"माझ्या," ती म्हणाली. "मी जागेवर नव्हते."

आत्ता कुठे गौसियाने हेल्मेट काढलं. हेमा पुढे आली. खाली वाकून गौसियाच्या पॅडचे पट्टे सोडायला लागली.

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. निवडीचा फॉर्म. कस्तुरी भिंगारदिवे, जन्मतारीख, क्लबचं नाव, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात भरलेलं. एकच रकाना कोरा होता. खेळण्याची जागा.

"तुम्ही हे भरलं नाहीत?"

मास्तरांनी पेन पुढे केलं. तिच्या हातात अजून खडू होता; तो ठेवायला तिला जागा सापडेना. शेवटी तिने तो मुठीत दाबला आणि त्याच हाताने पेन घेतलं. कागद गुडघ्यावर धरला. पेनाचं टोक कोऱ्या रकान्यावर टेकवलं, पुन्हा उचललं.

"आणि चुकीचं भरलं तर, मास्तर?"

मास्तर तोवर स्टिकांची मोळी खांद्यावर टाकून फाटकापर्यंत पोहोचले होते. मान वळवून म्हणाले,

"काहीही भर, पोरी. खडू मात्र तुझ्याकडेच ठेव, आणि मी बघत नसलो तरी हिशेब असाच खरा लिही."