डबा आणि दुधाचा तांब्या

या कथेचे एक रूप वैद्याच्या चूर्णाभोवती फिरते, तर दुसरे बैराग्याच्या अंगाऱ्याभोवती. तालमींत सांगितले जाणारे सर्वांत अलीकडचे रूप मात्र प्रोटीन पावडरीचे आहे.

तालमीचे आश्रयदाते हिंदुराव यांनी पावडरीची एजन्सी घेतली आणि फर्मान काढले, "जो ही पावडर घेणार नाही, त्यानं उद्यापासून आखाड्याच्या मातीला हात लावायचा नाही."

म्हादबा पैलवानाचा जीव टांगणीला लागला. पावडर घ्यावी, तर तिच्या किमतीपायी दूध बंद करावे लागणार. न घ्यावी, तर लाल माती कायमची सुटणार. सकाळी जोर मारतानाही त्याचे चित्त ठिकाणावर नव्हते.

तेवढ्यात हिंदुरावांनी आपला लाडका मल्ल केरबा याला सर्वांपुढे उभे केले. "बघा हे दंड! सगळी पावडरीची करणी."

"अण्णा, कशातनं घेता?" म्हादबाने केरबाला विचारले.

"तांब्याभर दुधातनं," केरबा ऐटीत म्हणाला. "वर अंडी आणि बदामाची थंडाई."

"मग वाटणी करू की! अण्णांनी आजपासनं नुसती पावडर पाण्यातनं घ्यावी. दूध, अंडी, थंडाई मला द्यावी. महिन्यानं आमची कुस्ती लावा. हरलो, तर जन्मभर पावडर खाईन."

"बोल केरबा, हाय कबूल?" हिंदुराव गरजले.

केरबाने पावडरीचा डबा हिंदुरावांच्या हाती ठेवला आणि दुधाचा तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

म्हादबाने कोपऱ्यातले खोरे उचलले आणि तो आखाड्याची माती उकरू लागला.