गुणी बाळांचं गाव

सात डोंगरांपलीकडे एक चिमुकलं गाव होतं. तिथल्या शेतांत पांढरी, गुलाबी, जांभळी फुलंच फुलं डुलायची. दिसायला किती सुंदर! पण ती होती अफूची. लोकांनी बोंडांना चिरा पाडायच्या, चीक खरवडायचा आणि राजाकडे धाडायचा. परदेशी व्यापारी त्याबद्दल राजाला सोनं देत. गावाच्या वाट्याला येई मूठभर पीठ, तेही डोंगरातला घाट उघडा असला तर! गहू पेरायला वीतभर जागा उरली नव्हती.

तिथली बाळं मात्र भारी गुणी. एकही रडायचं नाही! रडणार कसं? शेतावर निघताना आया त्यांच्या जिभेवर चिकाचं बोट लावत, की बाळं दिवसभर गाढ झोपलेली. त्याच गावात जिवली नावाची मुलगी राहायची. तिचा धाकटा भाऊ गेनू तर आता खायलाही उठत नव्हता. त्याचे गाल आत गेले होते. त्याच्याकडे बघून जिवलीचा जीव तीळतीळ तुटायचा.

एके सकाळी आई म्हणाली, "जिवले, गेनूला बोट लाव गं. मी निघाले."

जिवलीनं चीक मातीत पुसून टाकला. गेनूला कडेवर घेऊन ती बांधावर जाऊन बसली. तिथं गव्हाची एकुलती एक ओंबी उगवली होती. पोटात कावळे ओरडत, तरी जिवलीनं ती कधी तोडली नव्हती. उलट रोज तिला ओंजळभर पाणी घालायची.

आज त्या ओंबीवर कोणीतरी झोके घेत होतं! सोनसळी झगा, दवाचे इवले इवले पैंजण. परीच ती!

"मला जपलंस ना, जिवलीबाई? माग हवं ते," परी म्हणाली. "पण एक अट आहे. तुझ्या घराला मिळेल ते गावातल्या प्रत्येक घराला मिळेल."

"माझ्या गेनूला जागं कर."

"मग सगळीच बाळं जागी होतील हं! भुकेनं टाहो फोडतील. लोक तुझ्यावर चिडतील."

जिवली घाबरली. पण गेनूची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली होती.

"चिडू देत," ती म्हणाली. "रडतील तरी!"

परीनं चुटकी वाजवली, आणि घराघरांतून एकच कल्ला उठला. आया हातातलं काम टाकून धावल्या.

"कुणी केलं हे? आता चीक कोण खरवडणार?" शेजारची धुरपदा कडाडली. तेवढ्यात तिच्या बाळानं तिचा पदर ओढला आणि घासासाठी तोंड उघडलं. तिनं त्याला उचलून पोटाशी धरलं. "अगं बाई, किती दिवसांची ही भूक! आणि घरात दाणा नाही."

"परीताई, खायला दे ना सगळ्यांना," जिवली रडवेली होऊन म्हणाली.

"देईन. पण जेवढी अफू आपल्या हातानं उपटाल, तेवढाच गहू उगवेल."

जिवलीनं एक झाड उपटलं. तिथं लुसलुशीत पोपटी कोंब वर आला! ते बघून आईनं दुसरं उपटलं, धुरपदानं तिसरं. राजाचा मुकादम ओरडत आला, "अरे, राजाला काय सांगू मी?"

"सांगा, आमची बाळं जागी झालीत," आई म्हणाली.

मुकादमाच्या घरातूनही रडणं ऐकू येत होतं. त्यानं क्षणभर कान दिला, फेटा बाजूला ठेवला आणि तोही उपटायला वाकला.

सांज होईतो गहू पिकून सारं शिवार पिवळंधमक झालं. पलीकडच्या गावची माणसं बियाणं मागायला आली, तर लोकांनी त्यांच्या झोळ्या भरून दिल्या. परीनं जिवलीच्या गालावर अलगद पापा दिला, आणि लख्ख सोनेरी उजेडात ती दिसेनाशी झाली.

आईनं ऊन ऊन लापशी फुंकर घालून गेनूला भरवली. गेनूनं पहिला घास गिळला आणि दुसऱ्यासाठी मोठ्ठा आ केला.